सोळा जीबी, पण किती नग?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे आकडे हातात आले, की कोल्हापुरात राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत बाप-लेकाच्या जोड्या दिसू लागतात. मुलाच्या मोबाइलमध्ये यूट्यूबवर बघून केलेली यादी असते. वडिलांच्या खिशात पाकीट असतं आणि ते उघडायची त्यांना घाई नसते. मुलगा ‘ऑटोकॅडसाठी, प्रोजेक्टसाठी’ म्हणत असतो. खरं कारण दुकानदाराला माहीत असतं, वडिलांनाही असतं. मग कोटेशन निघतं: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. ग्राफिक कार्डाच्या ओळीपर्यंत येता येता बजेट संपलेलं असतं. “आत ग्राफिक्स हाय की. कार्ड पुढं टाका,” दुकानदार म्हणतो.

सल्ला वाईट नाही. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये आतच असलेल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट, जीटीए ५, काउंटर-स्ट्राइक असे गेम खरोखर चालतात. गडबड होते ती कोटेशनच्या तिसऱ्या ओळीत. तिथं लिहिलेलं असतं, ‘रॅम १६ जीबी ३२००, १ नग’. त्यातल्या ‘१ नग’कडे कुणी बघत नाही, आणि ह्या मशीनवर गेम कसा चालणार ते बऱ्याच अंशी तिथंच ठरून जातं.

का ते समजायला आत काय चाललेलं असतं ते बघू. वेगळं ग्राफिक कार्ड घेतलं तर त्याची स्वतःची मेमरी कार्डावरच बसवलेली असते. २०१९ च्या साध्या जीटीएक्स १६५० वरही ४ जीबी आहे. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सकडे स्वतःची एक एमबीसुद्धा नसते. पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र, गेममधली भिंत, गवत, गाडीचा रंग, हे सगळं त्याला बोर्डावरच्या रॅममध्ये ठेवावं लागतं. त्याच रॅममधून विंडोज, ब्राउजर, डिस्कॉर्ड आणि खुद्द गेमही आपापला वाटा घेत असतात. दोन भावांच्या सामाईक विहिरीसारखा हा प्रकार आहे. विहिरीत पाणी किती, ह्यावर दोघं भांडतात. पण ऊस वाळतो तो बहुतेक वेळा पाईप बारीक असल्यामुळे.

पाण्याचा हिशेब आधी संपवू, कारण इंटरनेटवर सगळी चर्चा त्याचीच असते. मशीन चालू होतानाच बायोस रॅमचा एक तुकडा ग्राफिक्ससाठी बाजूला काढून ठेवतं. बहुतेक एएमडी बोर्डांवर हा तुकडा आपोआप ५१२ एमबी किंवा २ जीबीच्या घरात असतो. विंडोजला तो दिसतच नाही. म्हणून १६ जीबी रॅम घेऊन घरी आलेला मुलगा टास्क मॅनेजर उघडतो आणि त्याला १३.९ जीबी दिसतात. लगेच दुकानात फोन, ‘काका, रॅम कमी दिलीत’. रॅम कमी दिलेली नसते. मेमरीच्या पानावर खाली ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते, उरलेले दोन जीबी तिथं मांडलेले असतात.

ह्या राखीव तुकड्यापलीकडेही विंडोज ग्राफिक्सला मेमरी देतं. जी रॅम उरली तिच्या निम्म्यापर्यंत, लागेल तशी. टास्क मॅनेजरच्या जीपीयूच्या पानावर ‘डेडिकेटेड’ म्हणजे राखीव आणि ‘शेअर्ड’ म्हणजे ही उसनवारी, असे दोन आकडे वेगळे दिसतात. आता १६ जीबीचा हिशेब करा. राखीव २ जीबी ठेवली तर उरतात १४, त्याचे निम्मे ७, म्हणजे ग्राफिक्सच्या हाताशी एकूण ९ जीबी. राखीव फक्त ५१२ एमबी ठेवली तर उरतात साडेपंधरा, निम्मे पावणेआठ, एकूण सव्वाआठ. एवढा गाजावाजा करून बायोसमधला आकडा चौपट केला, आणि हाती आला पाऊण जीबीचा फरक. शिवाय राखीव मेमरी काय आणि उसनी काय, दोन्ही त्याच स्टिकवर आहेत आणि दोन्हींचा वेग एकच आहे. म्हणून ‘बायोसमध्ये ४ जीबी करा, फ्रेम दुप्पट होतील’ असं सांगणारा व्हिडिओ दिसला तर पुढं सरका.

मग तो आकडा बदलायचाच नाही का? बदलायचा, पण कारण वेगळं आहे. काही गेम सुरू होताना ग्राफिक्सची मेमरी तपासतात आणि तपासताना फक्त राखीव आकडा बघतात. तो ५१२ एमबी दिसला की कुणी इशारा देतो, कुणी टेक्स्चरची वरची सेटिंग उघडूच देत नाही, कुणी सुरूच होत नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंटच्या अधिकृत यादीतही ग्राफिक्सची किमान मेमरी १ जीबी दिलेली आहे. जीटीए ५ च्या ग्राफिक्सच्या पानावर वरच मेमरीचा आडवा पट्टा असतो. सेटिंग वाढवली की तो भरत जातो आणि मर्यादेपलीकडे गेम हात वर करतो. तिथंच ‘इग्नोअर सजेस्टेड लिमिट्स’ असा पर्याय आहे. तो चालू केला की गेम अडवत नाही, पण पुढं अटकायला लागला तर जबाबदारी आपली. असल्या हट्टी गेमची समजूत काढण्यापुरता बायोसमधला आकडा कामाचा आहे.

माझा हिशेब साधा आहे. रॅम ८ जीबी असेल तर राखीव ५१२ एमबी किंवा फार तर १ जीबी. १६ जीबी असेल तर २ जीबी. ३२ जीबी असेल तर ४ जीबी ठेवा, कुणाचं काही बिघडत नाही. ८ जीबीच्या मशीनवर हौसेनं २ जीबी राखून ठेवली तर विंडोजला सहाच्या आत उरते. विंडोज ११, ब्राउजरच्या चार टॅब आणि डिस्कॉर्ड एवढ्यातच त्यातली निम्मी-अर्धी गेलेली असते. मग गेमला रॅम पुरत नाही, विंडोज एसएसडीवर सामान टाकायला लागतं आणि बरोबर गोळी झाडायच्या क्षणी चित्र थबकतं. ग्राफिक्सला जास्त दिलं म्हणून गेम हळू झाला, असा उलटा न्याय.

आकडा कुठं बदलायचा? मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, बायोस उघडेल. पुढचा रस्ता प्रत्येक कंपनीच्या बोर्डावर थोडा निराळा आहे. असुसमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘एनबी कॉन्फिगरेशन’ असतं, एमएसआयमध्ये ‘इंटिग्रेटेड ग्राफिक्स कॉन्फिगरेशन’, गिगाबाइटमध्ये ‘आयओ पोर्ट्स’. शेवटी शोधायची ओळ मात्र सगळीकडे जवळपास सारखी, ‘यूएमए फ्रेम बफर साइज’. काही बोर्डांवर ती आधी दिसतच नाही. ‘ऑटो’ बदलून ‘यूएमए स्पेसिफाइड’ केलं की खाली उघडते. एफ१० दाबून जतन करा. इंटेलच्या बोर्डावर ह्याच कामाची ओळ ‘डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड’ नावानं असते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोयच दिलेली नसते, तेव्हा लॅपटॉपवाल्यांनी घेण्याआधीच विचारून घ्यावं.

आणि एक. विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन इंटेल ग्राफिक्सची मेमरी वाढवायची एक युक्ती वर्षानुवर्षं फिरते आहे. त्यानं दाखवायचा आकडा बदलतो, खरी मेमरी एका बाइटनंही वाढत नाही. हट्टी गेम कधीकधी त्यानं फसतो, तेवढाच उपयोग. ‘व्हीरॅम वाढवणारं सॉफ्टवेअर’ म्हणून जे फुकट मिळतं ते मात्र मशीनवर घेऊच नका. त्यातून काय काय आत येईल सांगता येत नाही.

आता पाईप. डीडीआर४ रॅमवर ३२०० हा आकडा लिहिलेला असतो. त्याला ८ ने गुणा. एका स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५,६०० एमबी, म्हणजे २५.६ जीबी डेटा ये-जा करू शकतो. प्रोसेसरकडे रॅमपर्यंत जायचे दोन रस्ते असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या तर दोन्ही रस्ते सुरू होतात आणि क्षमता ५१.२ जीबी होते. १६ जीबीची एकच स्टिक लावली तर दुसरा रस्ता ओसाड. तुलनेला सांगतो, जीटीएक्स १६५० च्या कार्डावरची मेमरी सेकंदाला १२८ जीबी देते आणि आरएक्स ६६०० ची २२४. म्हणजे दोन स्टिक लावूनही आतलं ग्राफिक्स निम्म्याहून कमी पाण्यावर जगतं, आणि त्यातलंही थोडं प्रोसेसर पितो. अशा ठिकाणी एक स्टिक लावणं म्हणजे आधीच बारीक असलेला पाईप अजून निम्मा करणं.

ऑफिसच्या मशीनवर हा फरक जाणवत नाही. टॅलीत बिल काढायला, एक्सेल उघडायला एक स्टिक पुरते. म्हणूनच दुकानदार मनात काही वाईट नसताना ‘आत्ता एक घ्या, दुसरी सवडीनं टाका’ म्हणतो. त्याच्या गिऱ्हाइकांतले बहुतेक ऑफिसवाले असतात, त्यांना हा सल्ला बरोबर लागू पडतो. आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला तो बरोबर उलटा पडतो. एका स्टिकवरून दोनवर गेलं की बऱ्याच गेममध्ये फ्रेम पाव ते निम्म्यानं वाढतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधेच बसणारे झटके कमी होतात. हा फरक बायोसमधल्या कुठल्याही आकड्यानं भरून येत नाही.

तेव्हा कोटेशन हातात आलं की ती ओळ बदलून घ्या. ‘रॅम ८ जीबी ३२००, २ नग’. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून जगभर चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी एवढी वाढवली की साध्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला महागाई आली. आतल्या ग्राफिक्सच्या मशीनला हा फटका जास्त बसतो, कारण तिथं रॅम हीच ग्राफिक्सचीही मेमरी. कमी करायचंच असेल तर आरजीबी दिव्यांचं कॅबिनेट कमी करा, काचेचं झाकण कमी करा, एक टीबीच्या ऐवजी ५०० जीबीची एसएसडी घ्या. रॅमला हात लावू नका. आणि अगदीच जमत नसेल तर जुन्या डीडीआर४ स्टिक बघा. जुन्या सामानात मला सगळ्यात कमी भीती रॅमची वाटते. तिच्यात फिरणारा भाग नाही, झिजणारं काही नाही, आणि मेमटेस्ट८६ नावाचा फुकट प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवला की सकाळी खरं-खोटं समजतं. एकही चूक दाखवली तरी स्टिक परत.

आधीची ८ ची एक स्टिक घरात असेल आणि जोडीला ४ ची मिळत असेल तरी चालेल. पहिले ४ अधिक ४ दोन रस्त्यांनी धावतात, उरलेले ४ एका रस्त्यानं. आदर्श नाही, पण एकट्या ८ पेक्षा बरं. ४ अधिक ४ असे नुसते आठच जीबी घेणं मात्र आजच्या दिवशी मी कुणाला सुचवणार नाही. वेग मिळतो, पण जागाच नाही. त्यात स्वस्तातल्या ए५२० आणि एच६१० बोर्डांवर बहुधा दोनच स्लॉट असतात, म्हणजे पुढं वाढवताना दोन्ही स्टिक काढून विकाव्या लागतात.

प्रोसेसरच्या ओळीतही एक खड्डा आहे, आणि त्यात पडणारे बरेच. रायझन ५ ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे. ५६०० मध्ये नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ५५००जीटीमध्ये आहे, नुसत्या ५५०० मध्ये नाही. बिलावर दोन अक्षरं गळली की घरी आणलेलं मशीन पंखे फिरवत बसतं आणि मॉनिटर काळा. इंटेलमध्ये आकड्याच्या शेवटी एफ असला, जसा आय३-१२१००एफ, की ग्राफिक्स नाही असं समजा. एएमडीच्या नव्या ८४००एफचंही तसंच. रायझन ७६०० सारख्या एएम५ प्रोसेसरांत ग्राफिक्स असतं खरं, पण ते पडद्यावर चित्र यावं एवढ्यापुरतं. गेमसाठी त्याच्यावर विसंबू नये. बोर्डाच्या मागं एचडीएमआयचं भोक आहे ना, तेही दुकानातच बघा. आणि जुना बी४५० बोर्ड स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल तर दुकानदाराकडूनच बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर ५६००जी त्यावर उठणार नाही.

बजेट थोडं ताणता येत असेल तर पुढची पायरी आहे रायझन ५ ८६००जी, हाही जानेवारी २०२४ चा. त्यातलं ७६०एम ग्राफिक्स ५६००जीच्या व्हेगापेक्षा दोन पिढ्या पुढचं आहे आणि ते डीडीआर५ वर चालतं. डीडीआर५ च्या दोन स्टिक ६००० च्या वेगानं चालल्या तर सेकंदाला ९६ जीबी मिळतात. १६५० च्या जवळ पोचतो आपण, कार्ड न घेता. अडचण एवढीच की बोर्ड महाग, रॅम महाग, आणि प्रोसेसर धरून तिन्हींची बेरीज कधीकधी ‘साधा प्रोसेसर अधिक जुनं कार्ड’ ह्याच्या जवळ जाते. म्हणून दोन्ही कोटेशनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून काढा. भाव आठवड्याला हलतात. मागच्या महिन्याच्या व्हिडिओतल्या किमतीवर दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. ८५००जी मात्र गेमसाठी घेऊ नका. नाव जवळचं असलं तरी त्यातलं ग्राफिक्स बरंच लहान आहे, आणि पुढं कार्ड टाकलं तर त्याला जोडायला चारच लेन मिळतात.

मशीन घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी गेम टाकायच्या आधी अर्धा तास तपासणीला द्या. बोर्डाला चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी शेजारी लावल्या असतील तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच रस्त्यावर जातात आणि दोन नगांचे पैसे पाण्यात. हे मी दुकानातून असेंबल होऊन आलेल्या मशीनमध्येही पाहिलं आहे. खात्री करायला सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम घ्या. त्याच्या मेमरीच्या पानावर चॅनेलसमोर ‘ड्युअल’ किंवा ‘२ × ६४-बिट’ दिसलं पाहिजे. डीडीआर५ असेल तर ‘४ × ३२-बिट’. मग टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालताना दिसली तर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा. असुसवर ते डीओसीपी नावानं असतं, एएम५ च्या बोर्डांवर एक्सपो. दोन स्टिकांवर २४०० म्हणजे ३८.४ जीबी, ३२०० म्हणजे ५१.२. एका क्लिकमध्ये तेरा जीबी मिळतात, आणि तेही फुकट.

एक्सएमपी चालू केल्यावर डिस्प्लेच आला नाही तर घाबरू नका. दोन-तीनदा आपोआप चालू-बंद होऊन बोर्ड बहुधा स्वतःच जुन्या वेगावर परत येतो. नाही आला तर वायर काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. एएम५ च्या मशीनला तर पहिल्यांदा चालू करताना रॅमची ओळख करून घ्यायला काही मिनिटं लागतात. तोवर पडदा काळाच असतो. तेवढ्यात बटण दाबून बंद करणाऱ्यांनी दुकानदारांना भरपूर पिडलेलं आहे. बायोसमध्ये गेलाच आहात तर एफटीपीएम आणि सिक्युअर बूट हेही चालू आहेत का ते पाहून घ्या. विंडोज ११ वर व्हॅलोरंट ह्या दोन्हींशिवाय सुरू होत नाही, आणि पोरं बिचारी ग्राफिक्सला दोष देत बसतात.

गेमच्या सेटिंगमध्ये कुठली गोष्ट कशाला खाते हे कळलं की निम्मं काम झालं. टेक्स्चर मेमरीची जागा खातं. रेझोल्यूशन, सावल्या, गवत आणि धूर हे पाईप खातात. १६ जीबी असलेल्या माणसानं टेक्स्चर मध्यम ठेवायला हरकत नाही. सावल्या मात्र आधी खाली आणा. १०८०पीवर अटकत असेल तर गेममध्ये एफएसआरचा पर्याय आहे का बघा. एएमडीनं २०२१ मध्ये आणलेलं हे तंत्र चित्र लहान आकारात काढून मोठं करून दाखवतं आणि ते ५६००जीच्या जुन्या व्हेगावरही चालतं. नसेल तर ९००पी किंवा ७२०पी. फ्रेम साठला बांधून टाका. घरातल्या साध्या मॉनिटरवर त्यापुढचं काही दिसत नाही आणि मशीन थंड राहतं. व्हॅलोरंट लो सेटिंगवर शंभराच्या वर सहज जाईल. सायबरपंक २०७७ मात्र ७२०पी लो वर तिशीच्या आसपास घुटमळत राहील, ते खेळणं नव्हे, सोसणं.

काही गेम तर सुरूच होणार नाहीत आणि तिथं मेमरीचा प्रश्नच येत नाही. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधला डूम: द डार्क एजेस ह्या दोन्हींना हार्डवेअर रे ट्रेसिंग सक्तीचं आहे; व्हेगामध्ये ते नाहीच. बायोसमध्ये १६ जीबी राखून ठेवली तरी उपयोग शून्य. २०२३ च्या अखेरीपासून एएमडीनं व्हेगाच्या ड्रायव्हरकडेही लक्ष कमी केलं आहे. म्हणून ५६००जी घेताना मुलानं स्वतःशी ठरवून घ्यावं, की हे मशीन मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला आणि दहा वर्षांतले जुने चांगले गेम खेळायला आहे. ती यादी काही लहान नाही. चार वर्षांच्या डिग्रीत संपायची नाही.

वडिलांसाठी एक बरी बातमी. असलं मशीन गेम खेळतानाही शंभर वॉटच्या आसपास वीज घेतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटची जी ये-जा चालते त्यात ६०० व्हीएचा साधा यूपीएस त्याला पुरतो. काम जतन करून नीट बंद करण्याएवढा वेळ आरामात मिळतो. बिल जीएसटीचं, पक्कंच घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीचं सामान इथंच जमा होतं की पुण्याला पाठवावं लागतं, आणि पाठवायचा खर्च कुणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. ऑनलाइन शे-दोनशे कमी पडतात म्हणून पार्ट मागवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. जवळचा दुकानदार स्लॉट बदलून द्यायला पैसे घेत नाही.

राहिलं ‘कार्ड पुढं टाका’. टाकायचं तर त्याची तजवीज आजच करावी लागते. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला नको. ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्का असलेला, आठ पिनांची वायर असलेला घ्या. कार्ड निवडताना पुन्हा मेमरीच आडवी येते. आरएक्स ६५००एक्सटीवर ४ जीबी मेमरी आहे आणि ते बोर्डाशी फक्त चार लेननं बोलतं. ५६००जी जुन्या पीसीआय-ई ३.० वर चालतो, त्यामुळे त्या चार लेनचाही वेग निम्मा. कार्डाची ४ जीबी भरली की उरलेलं सामान ह्याच बोळातून रॅममध्ये न्यावं लागतं आणि नवं कार्ड टाकूनही गेम अडखळतो. ५६००जीबरोबर आठ लेनचं, ८ जीबीचं आरएक्स ६६०० किंवा, बजेट अगदी तोकडं असेल तर, वेगळी वायरही न लागणारं साधं जीटीएक्स १६५० बरं. जुनं कार्ड घेणाऱ्यांनी जीपीयू-झेड चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुनी चिप नव्या नावानं विकणारे बाजारात आहेत, आणि अशी बरीच कार्डं तो प्रोग्राम ‘फेक’ म्हणून दाखवतो. आठ जीबीचं आरएक्स ५८० स्वस्तात दिसलं तर ते २०४८एसपी आहे का, आणि २०२२ पर्यंत इथेरियमच्या खाणीत राबलेलं आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारा.

कार्ड बसवलं की मॉनिटरची वायर बोर्डातून काढून कार्डात लावा. ती तशीच बोर्डात राहिल्यामुळे ‘कार्ड टाकूनही काही फरक नाही’ म्हणणारे कमी नाहीत. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. अजूनही १६ च्या जागी १३.९ दिसत असतील, तर आतल्या ग्राफिक्ससाठी काढून ठेवलेला तुकडा तसाच पडून आहे. बायोसमध्ये जाऊन यूएमए पुन्हा ‘ऑटो’वर आणा, म्हणजे ते दोन जीबी विंडोजला मिळतील.